मानवी रक्त व त्याची कार्ये : वरिष्ठ वर्गांसाठी पाठाची आखणी

शरीरशास्त्राच्या पाठांमध्ये रक्ताचा पाठ सोपा समजला जातो. रक्त प्रत्येक मुलाने पाहिलेले असते, त्यामुळे विषयाची ओळख करून देण्याचे श्रम वाचतात. तीन प्रकारच्या कणिकांची नावे फळ्यावर लिहावी, हृदयाची आकृती वहीत काढून घ्यावी, चार प्रश्नोत्तरे पाठ करून घ्यावी, की पाठ पुरा झाला अशी समजूत असते. परीक्षेपुरते ते खरेही ठरते. परंतु हा पाठ ज्या मुलांना द्यावयाचा, त्यांच्या अंगातूनच हा विषय वाहत असतो. आणि त्यांपैकी काहींच्या बाबतीत तो दुखतही असतो.

मेळघाटाच्या पायथ्याच्या एखाद्या शाळेतील आठवीचा वर्ग डोळ्यांपुढे आणावा. त्यात एक मुलगी महिन्यातून तीन-चार दिवस गैरहजर असते. आल्यावर हातपाय दुखत होते असे सांगते. खेळाच्या तासाला ती झाडाखाली बसून राहते, गणिताच्या तासाला तिचे डोळे मिटतात. हजेरीपटावर तिच्या नावापुढे खाडे वाढत जातात आणि वर्गात तिला ‘आळशी’ हे नाव पडते. कदाचित घरकामाच्या ओझ्याने ती थकत असेल. कदाचित तिच्या रक्तात लोह कमी असेल. कदाचित तिच्या तांबड्या कणिकांचा आकारच विळ्यासारखा होत असेल. या तिन्ही शक्यता शिक्षकाच्या मनात आल्या नाहीत, तर त्याच्या हातून शिक्षा होते. आल्या, तर चौकशी होते. रक्ताच्या पाठाचे महत्त्व एवढ्यावरून ध्यानात यावे.

पुढील आखणी आठवी ते दहावीच्या वर्गांसाठी पाच तासिकांची आहे. सातवीच्या वर्गाला पहिल्या तीन तासिका पुरेत.

पूर्वज्ञान व हेतुकथन

आरंभी मुलांना त्यांच्याच बोलीत बोलू द्यावे. वऱ्हाडातील मूल ‘रगत’ म्हणते. तो शब्द लगेच दुरुस्त करू नये. फळ्याच्या एका बाजूस मुलांनी सांगितलेल्या समजुती लिहाव्या : रक्त आटते, रक्त गरम होते, रक्त दिले की माणूस कायमचा अशक्त होतो, शिरेतले रक्त निळे असते. त्यांवर त्या वेळी खरे-खोटे काही सांगू नये. पाठ संपेपर्यंत ती यादी तशीच ठेवावी आणि शेवटच्या तासिकेत मुलांकडूनच तपासून घ्यावी. मुलाने स्वतः खोडलेली चूक पुन्हा उगवत नाही.

नंतर हेतुकथन करावे : ‘शरीराच्या प्रत्येक भागाला अन्न व प्राणवायू पोहोचविणारा हा द्रव कशाचा बनला आहे, तो कसा फिरतो आणि तो बिघडला तर काय होते, हे पाहू.’

एक सूचना प्रथमच देणे आवश्यक आहे. पूर्वी काही शाळांत सुईने बोट टोचून रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली दाखविण्याची पद्धत होती. ती आता सर्वथा वर्ज्य समजावी. एकाच सुईने कावीळ ‘ब’ व एच.आय.व्ही. यांसारखे रोग पसरू शकतात. तयार काचपट्टी मिळाल्यास ती दाखवावी. न मिळाल्यास पुढील साध्या साधनांवर पाठ उत्तम होतो.

पहिली तासिका : रक्ताचे घटक

पूर्णा नदीच्या पुराचे गढूळ पाणी लोट्यात भरून ठेवले, तर थोड्या वेळाने गाळ तळाशी बसतो व निवळ पाणी वर राहते. हे पावसाळ्यात मुलांनी अनेकदा पाहिलेले असते. रक्तही असेच आहे. गोठू न देता ते काचनळीत उभे ठेवले, तर तांबडा थर खाली बसतो व फिकट पिवळसर द्रव वर येतो. त्या द्रवाला रक्तद्रव म्हणतात. रक्ताच्या शंभर भागांत रक्तद्रव सुमारे ५५ भाग व कणिका सुमारे ४५ भाग असतात. रक्तद्रवात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. उरलेल्या भागात प्रथिने, क्षार, साखर व इतर विरघळलेले पदार्थ असतात. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारणपणे ५ लिटर रक्त असते.

कणिकांचे प्रमाण मुलांच्या मनावर ठसविण्यासाठी धान्य वापरावे. निरोगी माणसाच्या एक घनमिलिमीटर रक्तात तांबड्या कणिका सुमारे ४५ ते ५५ लाख, पांढऱ्या कणिका ४ ते ११ हजार आणि रक्तपट्टिका दीड ते साडेचार लाख असतात. हे आकडे ऐकून मुलांना काहीच दिसत नाही. म्हणून सात गटांना तुरीचे शंभर-शंभर दाणे मोजावयास सांगावे आणि ते एका ताटात ओतावे. या सातशे तांबड्या दाण्यांत मोहरीचे ३५ दाणे टाकावे व शेवटी हरभऱ्याचा एकच दाणा टाकावा. तूर म्हणजे तांबडी कणिका, मोहरी म्हणजे रक्तपट्टिका, हरभरा म्हणजे पांढरी कणिका. ताट हलवून हरभरा शोधण्यास सांगितले, की रक्त तांबडे का दिसते हे निराळे सांगावे लागत नाही.

मग एकेका कणिकेचे वर्णन करावे. तांबडी कणिका दोन्ही बाजूंनी मध्ये दबलेल्या चकतीसारखी असते. तिचा व्यास इतका लहान, की एक मिलिमीटर लांबीच्या रेषेवर सुमारे १३० कणिका शेजारी शेजारी मांडता येतील. तिच्यात केंद्रक नसते. जवळजवळ सगळी जागा हिमोग्लोबिन या लोहयुक्त प्रथिनाने व्यापलेली असते. एका कणिकेत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात, व प्रत्येक रेणू प्राणवायूचे चार रेणू उचलतो. या कणिका हाडांच्या मगजात तयार होतात आणि सुमारे १२० दिवस जगतात. म्हणजे पोळ्याच्या दिवशी अंगात असलेल्या बहुतेक सर्व तांबड्या कणिका संक्रांतीपर्यंत नव्या झालेल्या असतात. ही भरपाई दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या कणिका तयार झाल्यानेच होते. ‘रक्त एकदा गेले की गेले’ ही समजूत येथेच ढिली पडते.

पांढऱ्या कणिका आकाराने मोठ्या असून त्यांना केंद्रक असते. त्यांपैकी काही रोगजंतूंना गिळतात, काही त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करतात. जखमेतील पू हा बहुतांशी मेलेल्या पांढऱ्या कणिका व जंतू यांचा असतो. रक्तपट्टिका या सर्वांत लहान. त्यांचे काम तिसऱ्या तासिकेत येईल.

दुसरी तासिका : रक्ताभिसरण

रक्त शरीरात फिरते हे आज मुलेही सांगतात. परंतु हे सिद्ध कसे झाले हे त्यांना ठाऊक नसते. इंग्रज वैद्य विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यापूर्वी युरोपातील वैद्यांचे मत असे होते, की अन्नापासून यकृतात सतत नवे रक्त तयार होते व ते शरीरात जिरून जाते. हार्वेने हिशेब मांडला, आणि तो हिशेब मुलांकडून करून घेण्याजोगा आहे. हृदय एका ठोक्यात सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे लोटते. मिनिटाला ७२ ठोके धरले तर मिनिटाला सुमारे ५ लिटर, तासाला ३०० लिटर आणि दिवसाला ७,२०० लिटर रक्त लोटले जाते. इतके रक्त कोणत्या अन्नापासून रोज तयार होईल? तयार होणे अशक्य, तर तेच रक्त पुनःपुन्हा फिरत असले पाहिजे. मिलिलिटरचे हे आकडे आजचे आहेत. हार्वेचे आकडे याहून लहान होते, तरी तर्क हाच होता. रोहिण्यांतून नीलांमध्ये रक्त कोणत्या वाटेने जाते हे मात्र त्याला दिसले नाही. त्या सूक्ष्म केशवाहिन्या मार्चेल्लो माल्पीगी या इटालियन शास्त्रज्ञाने १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाने पाहिल्या. तोपर्यंत हार्वेला मरून चार वर्षे झाली होती.

हार्वेचा एक प्रयोग वर्गात निर्धोकपणे करता येतो. विद्यार्थ्याने हात खाली लोंबता ठेवावा, म्हणजे पुढच्या हातावरील नीला फुगून दिसतात. एका नीलेवर मनगटाजवळ एक बोट दाबून धरावे व दुसऱ्या बोटाने ती नीला कोपराच्या दिशेने पुसत न्यावी. मधला भाग रिकामा पडतो, व दुसरे बोट उचलले तरी वरून रक्त परत येत नाही. कारण नीलेतील झडप वाट अडवते. मनगटाजवळचे बोट उचलताच नीला खालून भरते. रक्त एकाच दिशेने जाते याचा याहून स्वच्छ पुरावा नाही.

दुहेरी अभिसरण समजावण्यास आकृतीपेक्षा परिचित वाट अधिक उपयोगी पडते. मूर्तिजापूर स्थानकापासून अरुंद रुळांचे दोन फाटे निघतात : एक अचलपूरला, सुमारे ७६ किलोमीटर, दुसरा यवतमाळला, सुमारे ११३ किलोमीटर. त्यांवरून धावणारी ‘शकुंतला’ आता बंद आहे, परंतु घरोघरच्या वडीलधाऱ्यांना ती आठवते. मूर्तिजापूर हे हृदय मानावे, अचलपूरचा आखूड फाटा हा फुप्फुसांचा व यवतमाळचा लांब फाटा हा शरीराचा मानावा. यवतमाळहून आलेली गाडी मूर्तिजापुरास येते, तेथून अचलपूरला जाऊन प्राणवायू भरून घेते, पुन्हा मूर्तिजापुरास येते आणि मग यवतमाळच्या वाटेस लागते. एका फेरीत ती मूर्तिजापूर दोनदा गाठते. रक्तही एका फेरीत हृदयातून दोनदा जाते : उजव्या भागातून फुप्फुसांकडे व डाव्या भागातून शरीराकडे. लांब फाट्यावर गाडी लोटावयाची असल्याने डाव्या जवनिकेची भिंत अधिक जाड असते, हेही याच उपमेतून निघते.

उपमा कोठे लंगडी पडते, हे मुलांना विचारण्यास विसरू नये. स्थानक गाडीला ढकलत नाही, हृदय रक्ताला ढकलते. एका रुळावर गाडी जाते व येते. रक्त जाण्याच्या व येण्याच्या वाहिन्या निराळ्या असतात. हृदयाच्या उजव्या व डाव्या भागांतील रक्त एकमेकांत मिसळत नाही. उपमेची मर्यादा ओळखणे हेही शास्त्रशिक्षणच होय.

शेवटची दहा मिनिटे नाडी मोजण्यास द्यावी. पंधरा सेकंदांचे ठोके मोजून चाराने गुणावे. नंतर एक मिनिट जागच्या जागी धावून पुन्हा मोजावे. आजारी अथवा थकलेल्या मुलास धावण्यास लावू नये. त्याने घड्याळ धरावे व नोंदी लिहाव्या. पाठ्यपुस्तकात नीला निळ्या रंगाने दाखविलेल्या असतात, तो केवळ खुणेचा रंग आहे, हेही सांगावे. प्राणवायू कमी असलेले रक्त काळसर तांबडे असते, निळे नव्हे.

तिसरी तासिका : रक्ताची कार्ये

कार्यांची यादी लिहून देण्याऐवजी प्रत्येक कार्य एका प्रश्नातून काढावे.

वाहतूक : सकाळी खाल्लेल्या भाकरीतील साखर पायाच्या बोटापर्यंत कशी जाते? रक्त आतड्यांतून अन्नरस, फुप्फुसांतून प्राणवायू व ग्रंथींतून संप्रेरके उचलून पेशींना देते; परतताना कार्बन डायॉक्साइड फुप्फुसांकडे व इतर टाकाऊ पदार्थ मूत्रपिंडांकडे नेते. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील बहुतेक सर्व रक्ताला परत करून दीड-दोन लिटर मूत्र बाहेर टाकतात.

उष्णतेचे नियमन : अकोल्यास मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तरी निरोगी माणसाच्या शरीराचे उष्णतामान ३७ अंशांजवळ का राहते? अशा वेळी त्वचेतील रक्तवाहिन्या रुंद होतात, रक्त आतील उष्णता त्वचेपर्यंत आणते आणि घाम सुकताना ती उष्णता निघून जाते. घामावाटे पाणी व क्षार गेल्यावर ते भरून काढले नाहीत, तर ही व्यवस्था मोडते व ऊष्माघात होतो.

संरक्षण : गोवर एकदा झाला की बहुधा पुन्हा का होत नाही? रक्तातील काही पांढऱ्या कणिका त्या जंतूची ओळख जपून ठेवतात. लस हीच ओळख रोग होऊ न देता करून देते.

रक्त गोठणे : विळ्याने बोट कापले तर रक्त काही मिनिटांत आपोआप का थांबते? रक्तपट्टिका जखमेपाशी एकत्र चिकटतात, आणि रक्तद्रवातील फायब्रिनोजेन या विरघळलेल्या प्रथिनापासून फायब्रिनचे तंतू तयार होतात. सरकीला कापसाचे तंतू चिकटून राहावे, तशा या जाळ्यात कणिका अडकतात व खपली धरते. या क्रियेला कॅल्शियम व ‘के’ जीवनसत्त्व यांची गरज असते.

येथे वऱ्हाडातील प्रत्येक शेतकरी कुटुंबाच्या जिव्हाळ्याची गोष्ट सांगता येते. घोणस या सर्पाचे विष रक्ताच्या गोठण्याच्या क्रियेवरच आघात करते. विषामुळे गोठण्याची द्रव्ये शरीरातच वापरून संपतात आणि मग हिरड्यांतून, लघवीतून व जखमेतून रक्त वाहू लागते. रुग्णालयात यासाठी एक साधी कसोटी करतात : रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचनळीत घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवतात व मग नळी कलती करतात. रक्त पाण्यासारखे वाहिले, तर ते गोठत नाही, म्हणजे विष रक्तात भिनले आहे, असे ठरते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव ज्या प्रतिविषाशी जोडलेले आहे, ते भारतात नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सर्पांच्या विषांवर दिले जाते. म्हणून सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, रक्त चोखू नये, घट्ट दोरी आवळू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. अवयव हलू न देता, माणसाला धीर देऊन, प्रतिविष असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे. एवढे वाक्य मुलांना तोंडपाठ असले, तरी या तासिकेचे सार्थक झाले.

चौथी तासिका : पांडुरोग व सिकलसेल

रक्तात हिमोग्लोबिन कमी होणे याला पांडुरोग किंवा रक्तक्षय म्हणतात. १०० मिलिलिटर रक्तात मुलींमध्ये व स्त्रियांमध्ये १२ ग्रॅमपेक्षा आणि प्रौढ पुरुषांत १३ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असल्यास पांडुरोग समजतात. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी शंभरात सुमारे ५९ मुली पांडुरोगी आढळल्या. हा आकडा फळ्यावर लिहावा. परंतु वर्गातील मुलींकडे बोट दाखवून तो सांगू नये.

कारणांत आहारातील लोहाची कमतरता, मासिक पाळीतील रक्तस्राव, वारंवार होणारा हिवताप आणि पोटातील अंकुशकृमी ही मुख्य आहेत. अंकुशकृमीची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरते. म्हणून शौचालयाचा व पादत्राणांचा संबंध थेट रक्ताशी पोहोचतो. हे मुलांना आश्चर्याचे वाटते आणि म्हणूनच लक्षात राहते. उपायही घराजवळचे आहेत. अंबाडी, चवळी, हरभरा यांची पाने, तीळ, डाळी यांतून लोह मिळते. भाजीपाल्यातील लोह शरीरात कमी शोषले जाते. परंतु सोबत ‘क’ जीवनसत्त्व असल्यास ते अधिक शोषले जाते. वरुड-मोर्शीच्या संत्र्यांच्या मुलखात हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे : जेवणासोबत संत्रे, लिंबू अथवा आवळा असावा, जेवताना किंवा जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये, कारण चहा लोहाचे शोषण कमी करतो. शाळेत आठवड्यास मिळणाऱ्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. ती जेवणानंतर घ्यावी. शौचाचा रंग काळसर झाल्यास भिण्याचे कारण नाही, हे आधीच सांगितले तर गोळ्या खिडकीबाहेर जाणार नाहीत.

मात्र प्रत्येक पांडुरोग लोहाच्या अभावाने होत नाही. सिकलसेल या आजारात हिमोग्लोबिनच्या रचनेतच फरक असतो. प्राणवायू कमी पडला की अशा हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांस चिकटून लांब काड्या बनतात व कणिका विळ्याच्या आकाराची व ताठर होते. ती बारीक वाहिन्यांत अडकते, पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाडांत व सांध्यांत असह्य वेदना होतात. निरोगी कणिका १२० दिवस जगते. ही १० ते २० दिवसांतच मरते.

या रोगाचा इतिहास थोडक्यात द्यावा. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक याने विळ्यासारख्या कणिकांचे प्रथम वर्णन केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्याच्या सहकाऱ्यांनी हा हिमोग्लोबिनच्या रेणूचा आजार आहे हे दाखविले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत हा दोष आढळला, आणि १९५८ मध्ये शुक्ला व सोलंकी या नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील त्याचे अस्तित्व ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडले. म्हणजे या रोगाच्या भारतीय इतिहासात विदर्भाचे नाव आरंभापासून आहे. आजही मेळघाटातील कोरकूंसह विदर्भातील अनेक समाजांत तो आढळतो. ज्या प्रदेशांत पूर्वी हिवताप फार होता, तेथे हा दोष टिकून राहिला; कारण ज्याला हा दोष एकाच पालकाकडून मिळतो त्याचे तीव्र हिवतापापासून काहीसे रक्षण होते. तेव्हा हा दोष कोणाच्या पापाचे फळ नाही, की कोणाच्या आचाराचे लक्षण नाही.

वारसा कसा येतो, हे दाण्यांनी दाखवावे. दोन डब्या घ्याव्या. एक आईची, एक वडिलांची. प्रत्येकीत तुरीचा एक व ज्वारीचा एक दाणा ठेवावा. तूर म्हणजे निर्दोष गुण, ज्वारी म्हणजे सिकलचा गुण. मुलाने डोळे मिटून दोन्ही डब्यांतून एकेक दाणा काढावा, नोंद करावी व दाणे परत ठेवावे. असे चाळीस वेळा केले की साधारणपणे दहा वेळा दोन्ही तुरी, वीस वेळा मिश्र जोडी व दहा वेळा दोन्ही ज्वारी निघतात. मिश्र जोडी म्हणजे वाहक, दोन्ही ज्वारी म्हणजे रुग्ण. आकडे नेमके येणार नाहीत. ते का येत नाहीत यावर गणिताच्या शिक्षकाने पुढचा तास घ्यावा. नंतर एका डबीत दोन्ही तुरी ठेवून प्रयोग पुन्हा करावा : आता एकही रुग्ण निघत नाही. दोन वाहकांच्या विवाहात प्रत्येक अपत्याच्या वेळी चारात एक एवढा धोका असतो आणि तो दोष एकट्या आईकडून कधीच येत नाही, या दोन गोष्टी मुलांच्या हातांनीच त्यांना शिकविलेल्या असतात. विवाहापूर्वी दोघांनी रक्त तपासून घेण्याचे महत्त्व निराळ्या उपदेशाविना पटते.

वर्गात असा रुग्ण असल्यास शिक्षकाने पुढील गोष्टी पाळाव्या. त्याला हवे तेव्हा पाणी पिऊ द्यावे व लघवीस जाऊ द्यावे. उन्हात उभे करण्याची किंवा मैदानाला फेऱ्या मारण्याची शिक्षा तर कोणालाच देऊ नये; या मुलाच्या बाबतीत ती जिवावर बेतू शकते. चिखलदऱ्याच्या थंडीत त्याला उबदार कपडे असावेत. ताप, धाप किंवा तीव्र वेदना असल्यास त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. अशा मुलास लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्याव्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे, हे पालकांना सांगावे. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्याखालील तपासणीची माहितीही त्यांना द्यावी. तपासणीचे निकाल वर्गात कधीही वाचून दाखवू नयेत, आणि हा पाठ शिकविताना कोणत्याही विद्यार्थ्याची जात-जमात विचारू नये.

पाचवी तासिका : रक्तगट व रक्तदान

व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर याने १९०१ च्या सुमारास दाखवून दिले, की सर्व माणसांचे रक्त दिसावयास सारखे असले तरी एकमेकांत मिसळले असता काही रक्तांच्या कणिकांच्या गुठळ्या होतात. त्यावरून ए, बी व ओ हे गट ठरले. एबी हा चौथा गट पुढे १९०२ मध्ये मिळाला. १९३० मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याचा जन्मदिवस १४ जून हा आज जागतिक रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो. १९४० मध्ये ऱ्हीसस घटकाचा शोध प्रसिद्ध झाला. मुलांना विशेष आवडणारी गोष्ट महाराष्ट्रातील आहे. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त आढळले, की ते ओ गटासारखे भासे, परंतु ओ गटाचे रक्तही त्याला चालत नसे. त्या दुर्मीळ गटाला जगभर ‘बॉम्बे’ रक्तगट या नावानेच ओळखतात.

यानंतर एक प्रश्न टाकावा : एका गटाचे रक्त दुसऱ्यास चालत नाही, तर जातीचे रक्त जातीला चालते काय? उत्तर मुलांनीच द्यावे. रक्तपेढीतील पिशवीवर गट लिहिलेला असतो. जात, धर्म वा गाव यांचा गुठळ्या होण्याशी काही संबंध नसतो. सख्ख्या भावाचे रक्त भावाला न चालता अनोळखी माणसाचे चालते, असे कित्येकदा घडते.

रक्तदानासाठी वय १८ वर्षे पूर्ण, वजन किमान ४५ किलो व हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम लागते. एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतात. पुरुषांना तीन महिन्यांनी व स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. शाळकरी मुलाला रक्त देता येत नाही. परंतु पहिल्या तासिकेतील १२० दिवसांचा हिशेब तो घरी वडिलांना समजावून सांगू शकतो.

अखेरीस आरंभीची समजुतींची यादी पुन्हा उघडावी व एकेका विद्यार्थ्यास बोलावून कारणासह खोडावयास किंवा दुरुस्त करावयास सांगावे.

उजळणीचे प्रश्न व गृहपाठ

१. तांबड्या कणिकेत केंद्रक नसल्याचा प्राणवायूच्या वाहतुकीस काय उपयोग होतो?
२. शकुंतलेच्या उपमेत फुप्फुस, हृदय व शरीर कोणती स्थानके होती? ही उपमा कोठे अपुरी पडते?
३. घोणस चावलेल्या माणसाच्या जखमेतून रक्त का थांबत नाही?
४. आई वाहक व वडील निर्दोष असल्यास अपत्यास सिकलसेल आजार होईल काय? दाण्यांच्या आधारे उत्तर द्या.
५. घरातील एका दिवसाच्या जेवणाची नोंद करा. त्यातील लोहयुक्त पदार्थ व ‘क’ जीवनसत्त्वाचे पदार्थ निरनिराळे लिहा.

आरंभी जी मुलगी झाडाखाली बसलेली होती, तिच्यासाठी या पाठात निराळा प्रश्न नाही. परंतु पाचव्या तासिकेनंतर वर्गातील एखादी मैत्रीण तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन गेली, आणि शिक्षकाने हजेरीपट मिटून तिच्या पालकांना आरोग्य केंद्रात तपासणीस जाण्याविषयी चिठ्ठी लिहिली, तर पाठ योग्य तऱ्हेने शिकविला गेला असे समजण्यास हरकत नाही.